सगळ्यांना आलेला फोन

आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर ज्याने म्हणून भांडण केलं, त्याला कधी ना कधी चाचांचा फोन आलेला आहे. मला मात्र चाचा इथे होते तोवर आला नाही. हे मी सहज सांगतोय असं वाटेल, पण सांगताना अजून पोटात दुखतं. कारण कट्टा मी काढला होता.

शारजा, दुबई, अबुधाबी असे विखुरलेले आम्ही मराठी लोक. एकमेकांना भेटायचं तर ट्रॅफिकमध्ये अर्धा जन्म जातो. तेव्हा निदान भांडायला तरी एक जागा असावी म्हणून मी हा कट्टा सुरू केला, आणि भांडण सभ्यपणे व्हावं म्हणून पहिल्याच दिवशी एक लेख वरती टाचून ठेवला : ‘वाद घालताना होणारे तर्कदोष’. प्रत्येक दोषाला क्रमांक, व्याख्या आणि उदाहरण. मी हमरिया फ्री झोनमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. दोष काढण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे कट्ट्यावर कुणी मुद्दा सोडून माणसावर घसरलं की मी खाली लिहायचो, ‘दोष क्रमांक एक.’ कुणी समोरच्याच्या तोंडी भलतंच वाक्य घालून ते खोडून काढलं की, ‘दोष क्रमांक दोन.’ माझं निदान कधीही चुकलं नाही. आणि कुणीही कधी ‘हो, तुमचं बरोबर आहे’ असं लिहिलं नाही.

मग चाचा आले.

चाचा म्हणजे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. दुबईत अल क्वोजमध्ये त्यांचं टाइल्सचं भलंमोठं गोदाम होतं. तरुणपणी मुंबईत वकिलीची परीक्षा पास झालेले, पण कोर्टात एक दिवस उभे राहिले नाहीत. का, असं मी एकदा विचारलं. “तिथे दोघं बोलतात आणि तिसराच ठरवतो कोण खरा,” ते म्हणाले. “मला नाय पटला.” अंगाने आडवे, दाढी पांढरी, सफारी शर्टाच्या खिशात कायम टाइलचा एखादा तुकडा. बोलताना तो तुकडा काढून टेबलावर ठेवायचे आणि जाताना विसरायचे. आमच्या घरीच असे तीन-चार तुकडे पडले आहेत. त्यांतल्या एकावर आमची ही गरम पातेलं ठेवते.

कट्ट्यावर त्यांनी माझा लेख वाचला की नाही, मला शंका आहे. त्यांनी सरळ आपली वेगळी नावं पाडायला सुरुवात केली. कुणी माणसावर घसरला की ते खाली एकच शब्द लिहीत : ‘कोळीण.’ लोकांनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, भाव विचारला पापलेटचा, परवडला नाही, तर कोळणीच्या नाकाला नावं ठेवून निघालात, पापलेट तिथेच आहे. दुसऱ्या दिवसापासून सगळे ‘कोळीण झाली, कोळीण झाली’ असं लिहायला लागले. माझा दोष क्रमांक एक गेला तो गेलाच.

आमच्यातले एक गृहस्थ दर वादात आपल्या सासऱ्यांचा दाखला देत. सासरे निवृत्त चीफ इंजिनियर. पाणी किती प्यावं, मराठी शाळा का बंद पडतात, उंटाचं दूध पचतं का, सगळ्यावर सासऱ्यांचं मत तयार. चाचांनी त्या दोषाला नावच देऊन टाकलं, ‘सासरे’. ‘इतके लोक म्हणतात म्हणजे खरंच असेल’ या युक्तिवादाला ‘शावरम्याची रांग’ म्हणायचे. एकदा ते मोठी रांग बघून एका कॅफेटेरियात शिरले होते आणि पुढचे दोन दिवस गोदामात गेले नव्हते. आता मला सांगा, ‘लोकप्रियतेच्या आधारे केलेला युक्तिवाद, दोष क्रमांक पाच’ हे किती नेमकं आहे! पण लोकांना शावरमा आवडतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. खरी गोष्ट होती ती फोनची.

भांडण हाताबाहेर जातंय असं दिसलं की चाचा कट्ट्यावर काही लिहायचे नाहीत. ते त्या माणसाला फोन करायचे. चौकशी व्हायची, मुलाबाळांची, गुडघ्याची, गावाकडच्या आंब्याची. मग म्हणायचे, “तुम्ही कट्ट्यावर कायतरी लिहिलंय म्हणे. माझ्या हातात चष्मा नाय आता. जरा वाचून दाखवता?”

बस, इतकंच. समोरचा माणूस स्वतःचं लिहिलेलं स्वतःच्या तोंडाने वाचायला लागायचा. पहिली ओळ तडफेने, दुसरी जरा हळू, तिसऱ्या ओळीला घसा खाकरायचा. चाचा मधे एक शब्द बोलायचे नाहीत. वाचून झालं की म्हणायचे, “बरं. खलास. घरी सगळ्यांना सलाम सांगा.” थोड्या वेळाने कट्ट्यावर बघावं तर तो मजकूर गायब झालेला, नाहीतर खाली लिहिलेलं असायचं, ‘जरा जास्तच बोललो, माफ करा.’

हे फोन कसे होतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण शुक्रवारी दुपारनंतर मी पुष्कळदा त्यांच्या गोदामात जाऊन बसायचो. टाइल्सच्या थप्प्यांमागे काचेची केबिन, त्यात एसी, सुलेमानी चहा आणि चाचा. चष्मा नाकावर असायचा. मोबाइलवर भांडण वाचून झालं की ते चष्मा काढायचे आणि माझ्यापुढे धरायचे. “इंजिनियर, जरा धरा.” मग फोन लावायचे, आणि “माझ्या हातात चष्मा नाय” असं म्हणायचे.

“चाचा, ही शुद्ध फसवणूक आहे,” मी पहिल्यांदा म्हणालो होतो.

“फसवणूक कुठे? आहे का माझ्या हातात? तुमच्या हातात आहे.”

खोटं बोलायचं नाही म्हणून चष्मा दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पण बघा, माझ्या वाट्याला काय आलं. ज्या कट्ट्याचा मी संस्थापक, त्या कट्ट्याची भांडणं मिटत होती आणि मी चष्मा धरून बसलो होतो.

एका वादाची गोष्ट सांगतो. दुबईत ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये आमचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम व्हायचा होता. मुलांनी निवेदन इंग्रजीत करावं का मराठीत, यावर कट्टा पेटला. गाण्याचे क्लास घेणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, ‘आज मुलं इंग्रजीत निवेदन करतील, उद्या आपण वरणभाताला लेंटिल सूप म्हणू आणि परवा आईला ओळखणार नाही.’ त्यावर बँकेतल्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘स्वतःच्या मुलाला ब्रिटिश शाळेत घालणाऱ्यांनी आम्हाला मराठी शिकवू नये.’ मी ताबडतोब दोघांचेही दोष क्रमांकासकट दाखवून दिले. शंभर टक्के बरोबर होतो. दोघंही एकत्र होऊन माझ्यावर तुटून पडले.

चाचांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि बाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता. बाई स्वयंपाकघरात असाव्यात, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. त्या ‘लेंटिल सूप’पर्यंत आल्या आणि मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, “मम्मा, डिड यू रिअली राइट दॅट? दॅट्स सो ड्रामॅटिक!” बाई थांबल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, “अहो चाचा, परवा आईला ओळखणार नाही, हे जरा अतीच झालं नाही?”

“मला काय ठाऊक,” चाचा म्हणाले. “तुम्ही लिहिलंय.”

बँकवाल्यांना त्यांनी नंतर लावला. कार्यक्रम झाला, मुलांनी निम्मं मराठीत आणि निम्मं इंग्रजीत निवेदन केलं, बाई आणि बँकवाले एका टेबलावर जेवले. मी त्याच हॉलमध्ये होतो. माझ्याजवळ येऊन कुणी म्हणालं नाही की तुम्ही तर हे आधीच सांगितलं होतं.

आमच्या हिलासुद्धा फोन आला. तिने गणपतीच्या वेळी लिहिलं होतं की फ्रोझन मोदक आणणाऱ्यांच्या घरी गणपती नुसता पाया पडून घ्यायला येतो, जेवायला शेजारी जातो. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून तिचा वाचण्याचा आवाज, मग हसणं. इतकं हसू मी लग्नानंतर फार वेळा ऐकलेलं नाही. बाहेर आली ती डोळे पुसतच. “काय माणूस आहे हो,” म्हणाली. मी म्हटलं, “मी तुला सकाळीच सांगितलं होतं की हा दोष क्रमांक—” ती म्हणाली, “हो, तुम्ही सांगितलं होतं,” आणि पातेल्याखाली टाइलचा तुकडा सरकवला.

त्यानंतर मी ती पद्धत स्वतः वापरून पाहिली. का नाही वापरायची? पेटंट थोडंच होतं! अजमानच्या एका सभासदाने काहीतरी बेफाम लिहिलं होतं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, फोन लावला, गुडघ्याची चौकशी केली आणि म्हटलं, जरा वाचून दाखवता? त्याने पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा! हाच तो. दिसला का दोष?” त्याने पुढचं वाचलं नाही. पुढे जे बोलला ते कट्ट्यावर लिहिलं असतं तर मला त्याला काढून टाकावं लागलं असतं.

चाचांच्या कानावर ते गेलंच. पुढच्या शुक्रवारी सुलेमानीत त्यांनी माझ्यासाठी एक चमचा साखर जास्त टाकली.

त्यांचा तिरकसपणाही असा होता की त्याचा राग यायचा आणि तो पाठही व्हायचा. नवा माणूस भेटला, चाचांचं बोलणं त्याने ऐकलं, की हमखास म्हणायचा, “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!” चाचा अदबीने मान लववायचे. “तुमचं पण काय वाईट नाय.” एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांना त्यांनी हे ऐकवलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. त्यांची आई गावाहून फोन करायची तेव्हा ते ज्या भाषेत बोलत, ती पुण्याच्या माणसाला समजली नसती, पण मला समजायची. माझं आजोळ त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे, आजी तसंच बोलायची.

आता मूळ दुखण्याकडे येतो. इतक्या जणांना फोन, मला का नाही? मी भांडत नव्हतो असं नाही. मी तर रोज भांडायचो. आधी वाटलं, माझ्या लिहिण्यात दोषच नसतो म्हणून येत नसेल. मग वाटलं, मी खिजगणतीतच नसेन. शेवटी एकदा मी मुद्दाम लिहिलं. व्यवस्थित विचार करून, दोन मसुदे फाडून, निखालस कोळीण केली : ‘ज्यांची हयात संडासाच्या टाइल्स विकण्यात गेली त्यांनी संस्कृतीवर बोलू नये.’

सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार. मी मोबाइल जेवताना ताटाशेजारी ठेवला, आंघोळीला जाताना आत नेला. “कुणाचा फोन यायचाय एवढा?” ही म्हणाली. मनात मी वाचायची तयारीसुद्धा केली होती, दुसऱ्या शब्दावर थोडं अडखळायचं, मग हसायचं, मग म्हणायचं, चाचा, जरा अतीच झालं. फोन आला नाही. संध्याकाळी माझ्या मजकुराखाली चाचांचा वर केलेला अंगठा आला, आणि एक ओळ : ‘किचनच्यापण विकतो.’

लोकांनी त्या ओळीवर हसून हसून लोळण घेतली. मला जे झालं त्याला जळफळाट हा शब्द अपुरा आहे.

गेल्या वर्षी चाचांनी धंदा पुतण्याकडे सोपवला आणि गावी परत जायचं ठरवलं. गोदामातच निरोपाचं जेवण झालं. निम्म्या थप्प्या हललेल्या, जमिनीवर त्यांचे चौकोनी फिकट डाग राहिलेले, मधे सतरंजीवर बिर्याणीचा डेग. अर्धा कट्टा जमला होता. प्रत्येक जण आपापल्या फोनची गोष्ट सांगत होता. मला कुठल्या वाक्याला हसू आलं, मला कुठल्या शब्दाला रडू आलं. गाण्याच्या बाई, बँकवाले, सासरेवाले गृहस्थ, अजमानवालासुद्धा. नंबर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी पाणी प्यायला उठलो.

निघताना चाचा गाडीपर्यंत आले. मी विचारलंच.

“चाचा, मला कधी फोन नाही केलात.”

त्यांनी खिशातला टाइलचा तुकडा काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

“तुम्हाला कशाला करायचा, इंजिनियर? तुम्ही फोनवरपण जिंकला असतात.”

आणि पाठीवर थाप मारली. आजूबाजूला दोघंतिघं होते, ते हसले. मी पण हसलो. यल्ला, निघू या, ट्रॅफिक लागेल, म्हणून गाडी सुरू केली. शारजा येईपर्यंत त्या वाक्याची मी वर्गवारी करत होतो. स्तुती म्हणावी तर स्तुती होती. माझ्या लेखातल्या कुठल्याच क्रमांकात ते बसेना.

दुसऱ्या दिवशी कट्ट्याचा संस्थापक म्हणून चाचांच्या निरोपाचा लेख मीच लिहिला. मन लावून लिहिला. कोळीण, सासरे, शावरमा, सगळं त्यात आणलं. शेवट असा केला : ‘मराठी ही चाचांच्या घरची भाषा नसतानाही त्यांनी आपल्या भाषेवर आपल्याइतकंच प्रेम केलं, हा त्यांचा मोठेपणा.’ लिहिताना हे वाक्य मला फार उदार वाटलं. वाचताना लोकांनाही वाटलं असावं. बदामांचा पाऊस पडला. गाण्याच्या बाईंनी लिहिलं, ‘डोळ्यांत पाणी आलं.’ आजवर माझ्या कुठल्या लेखाला इतकी दाद मिळाली नव्हती. कट्ट्यावरच्या, चाचांच्या गावाकडच्या मंडळींपैकी कुणी काही लिहिलं नाही, पण ती मंडळी कामाची, त्यांना वेळ नसेल, असं मी धरून चाललो.

आठवड्याभराने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसलो होतो. मोबाइल वाजला. भारतातला नंबर.

“इंजिनियर, कसे आहात? गुडघा काय म्हणतो?”

मी डबा बाजूला सारला आणि उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, कुणी मधे बोलू नये म्हणून. त्यांनी हिची चौकशी केली, मुलाची केली. तिकडे कोंबडा ओरडत होता. मग म्हणाले, “तुम्ही माझ्यावर कायतरी लिहिलंय म्हणे. आता माझ्या हातात चष्मा नाय. जरा वाचून दाखवता?”

आला. शेवटी मलाही आला. मी लेख उघडला आणि वाचायला लागलो. आवाज चांगला लागला होता. कोळणीवर ते हसले, सासऱ्यांवर हसले, शावरम्यावर “तोबा तोबा” म्हणाले. मी रंगात आलो. आणि शेवटच्या वाक्याशी पोचलो. ‘मराठी ही चाचांच्या घरची भाषा’ इथपर्यंत वाचलं आणि पुढचा शब्द मला दिसला. त्यांच्या आईचा फोनवरचा आवाज आठवला. ते प्राध्यापक आठवले. मी ज्या जोराने हसलो होतो, ते आठवलं.

तिकडे कोंबडा पुन्हा ओरडला.

“मराठी ही चाचांच्या घरची भाषा,” मी पुन्हा वाचलं, “आमच्या घरची आहे तितकीच. त्यांनी तिच्यावर आमच्याइतकंच प्रेम केलं.” आणि थांबलो. मोठेपणाचे शब्द मी गाळले. नवं वाक्य सरळ होतं, अडखळलो नव्हतो. मला वाटलं, जमलं.

“छान झालंय,” चाचा म्हणाले. “आता असंच तिथेपण लिहा.”

मग फोन बाजूला धरून ते आत कुणाला तरी म्हणाले, “आण गो तो चष्मा इकडे.”